नऊ वर्षांचा चोर आणि त्याला सोडवायला न आलेली माणसं

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात 10 डिसेंबर 1783 रोजी जॉन हडसन नावाच्या एका मुलाला उभं केलं गेलं. वय किती? नववं चालू आहे. धंदा काय? ठरलेला काही नाही, कधीमधी धुराडी साफ करतो. आईबाप? मेले. कधी? ठाऊक नाही. त्या न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तांत तेव्हा छापले जात, म्हणून या पोराची ही उत्तरं आज कुणालाही वाचता येतात.

त्याच्यावर आरोप होता एका घरात शिरून सदरा, रेशमी मोजे, दोन ॲप्रन आणि एक पिस्तूल चोरल्याचा. घरफोडीला त्या काळी फाशी होती. चोरीच्या मालाची किंमत चाळीस शिलिंग भरली आणि तो राहत्या घरातून उचललेला असला, तरीही फाशीच. पोराला घरफोडीतून मोकळं केलं, चोरीपुरतं दोषी धरलं आणि सात वर्षं समुद्रापार पाठवायचं ठरवलं.

न्यायाधीश निर्दय नव्हता. अशा मुलाला नाशापासून वाचवता आलं तर बरं, सोडलं तर तो पुन्हा त्याच जगण्यात परतेल, अशा अर्थाचं तो बोलला. मला खटकतं ते हेच. शिक्षेचं खरं कारण चोरलेला सदरा नव्हता. घरी परत पाठवायला या मुलाला घरच नव्हतं, हे होतं. तोच खटला, तोच माल, पण दारात बाप उभा असता तर?

पुढची हकिगत थोडक्यात. 1784 साली त्याला अमेरिकेला निघालेल्या ‘मर्क्युरी’ जहाजावर चढवलं. वाटेत कैद्यांनी बंड केलं, जहाज इंग्लंडच्याच किनाऱ्याला लागलं आणि पुष्कळ जण पुन्हा पकडले गेले. त्यात हाही होता. मग जवळपास तीन वर्षं प्लिमथच्या बंदरात, तुरुंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका जहाजावर. अमेरिका स्वतंत्र झाली होती, त्यामुळे कैदी टाकायला नवी जागा हवी होती. ती ऑस्ट्रेलियात सापडली. मे 1787 मध्ये अकरा जहाजांचा ताफा निघाला. जॉन ज्या जहाजावर होता त्याचं नाव ‘फ्रेंडशिप’, म्हणजे मैत्री! जानेवारी 1788 मध्ये ताफा पोहोचला, तेव्हा पोरगा बारातेरा वर्षांचा होता. 1790 मध्ये त्याला नॉरफॉक बेटावर हलवलं. तिथे 15 फेब्रुवारी 1791 रोजी, रात्री नऊनंतर झोपडीबाहेर दिसला म्हणून त्याला पन्नास फटके मारले गेले. निकालाच्या दिवसापासून मोजलं तर सात वर्षांची मुदत संपून तेव्हा दोन महिने उलटले होते.

यावर काही लोक मेरी वेडचं उदाहरण देतात. कपडे चोरल्याबद्दल अकराव्या वर्षी फाशीची शिक्षा, ती बदलून ऑस्ट्रेलिया, आणि तिथे मोठा वंशविस्तार. माजी पंतप्रधान केव्हिन रड तिच्याच वंशातले. म्हणजे झालं ते भल्यासाठीच! जी तरली तिची गोष्ट वंशजांनी सांगितली. जॉनची कोण सांगणार?

आणि हे फक्त गोऱ्यांचं दुखणं नाही. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आणि राजकीय कैदी आठवतात. पण त्याआधीच कंपनी सरकार आपल्याकडचे कैदी पिनांग, सिंगापूर, मॉरिशसला पाठवत होतं, मुंबई इलाख्यातूनही. मॉरिशसचे रस्ते आणि सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल यांत त्यांचा घाम आहे. त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत?

चोरी आणि शिक्षा म्हटलं की मुसलमानाला हमखास विचारलं जातं, ‘तुमच्यात हात तोडतात ना?’ कुरआनात ती शिक्षा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण फिकहमध्ये तिला इतक्या अटी आहेत की जॉन पहिल्याच अटीवर सुटला असता. मूल वयात येईपर्यंत त्याच्यावरची कलम उचललेली असते, असं हदीस सांगते. हजरत उमर यांनी दुष्काळात ही शिक्षा थांबवली होती. हातिब यांच्या गुलामांनी उंटीण चोरून कापली, तेव्हा उमर यांनी, तुम्ही यांना उपाशी ठेवता, असं म्हणत मालकाकडूनच दुप्पट किंमत वसूल केली. हा दाखला आपण वादात जिंकण्यासाठी वापरतो. त्यातला प्रश्न मात्र स्वतःला विचारत नाही: चोराला उपाशी कुणी ठेवलं?

आपला 2015 चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाला जामीन देणं हाच नियम मानतो. अपवाद असा की सुटल्यावर ते गुन्हेगारांच्या संगतीत किंवा धोक्यात सापडेल असं वाटलं, तर जामीन नाकारता येतो. ओल्ड बेलीच्या न्यायाधीशाचीच काळजी ही, अडीचशे वर्षांनंतर. ज्याला न्यायला कुणी येत नाही, त्याच्या बाबतीत हा अपवाद लावणं सोपं जातं. मोबाईल चोरताना सापडलेला एखादा अल्ताफ किंवा आकाश निरीक्षणगृहात बसून राहतो. अल्ताफ असेल तर मोहल्ल्यात वर हेही ऐकू येतं की ‘कौमला बदनाम केलं.’

यतीमांबद्दल आपण भरभरून बोलतो. रमजानमध्ये यतीमखान्याच्या पावत्या फाडतो. पण आपल्या डोळ्यांसमोरचा यतीम टोपी घातलेला, सिपारा वाचणारा, शहाणा असतो. चोरी केलेला यतीमही यतीमच, हे पचायला जड जातं.

त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. मुलाला एखाद्या ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली सोडता येतं, आणि नोंदणीकृत संस्थेला ‘योग्य सुविधा’ म्हणून मान्यता मिळू शकते. त्यासाठी बाल न्याय मंडळाकडे जावं लागतं, कागदपत्रं द्यावी लागतात, पडताळणी होते. मशिदीच्या जमातीत निवृत्त शिक्षक असतात, वकील असतात. यतीमखान्यांना विश्वस्त असतात, इमारती असतात. पुढच्या जुम्म्याला चंद्याच्या घोषणेबरोबर ही सोयही कुणी समजावून सांगितली, तर नाव द्यायला एखाददुसरा माणूस पुढे येईल असं मला वाटतं.