निविदेच्या लिफाफ्यातील स्वदेशी

स्वदेशी म्हटले की कापड, साबण आणि शीतपेये एवढ्याच वस्तू आपल्यापुढे उभ्या राहतात. परंतु शहराची पाणीयोजना, मेट्रो वा धरण यांचा आराखडा कोणाच्या बुद्धीतून उतरतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. आराखडा ज्याचा, त्याच्याच पसंतीचे तंत्रज्ञान आणि यंत्रसामग्री पुढे येण्याचा संभव मोठा. आणि हा आराखडाकार, म्हणजेच सल्लागार, निवडला जातो निविदेतून.

सल्ला देण्याची पात्रता आपल्यापाशी नाही असे नाही. पुण्यात स्थापत्यशास्त्र शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविले. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद संस्थानाने सल्ल्यासाठी त्यांनाच पाचारण केले. अलीकडचे उदाहरण दिल्ली मेट्रोचे. १९९८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा जपानी कर्ज आणि जपानी नेतृत्वाखालील सल्लागार गट होता. त्यात आपली 'राइट्स' ही सरकारी कंपनीही होती. तेथे शिकलेली दिल्ली मेट्रो पुढे ढाक्याच्या मेट्रोसाठी सल्लागार गटात सहभागी झाली. शिष्य गुरुस्थानी पोहोचू शकतो, याचा हा पुरावा होय.

मग आपले तरुण अभियंते, नगररचनाकार आणि लेखापाल यांच्या लहान संस्था मागे का पडतात? पुष्कळदा ज्ञान असूनही प्रस्ताव दुबळा असतो. सल्लागाराची निविदा म्हणजे सिमेंटच्या पोत्यांचे दरपत्रक नव्हे. अनेक कामांत तांत्रिक आणि आर्थिक असे दोन प्रस्ताव असतात. तांत्रिक प्रस्ताव आधी उघडतो. किमान गुण मिळविणाऱ्यांचेच दर नंतर पाहिले जातात. समजा, गुणवत्तेला ७० व दराला ३० टक्के भार आहे. एका संस्थेला तांत्रिक ८० गुण असून तिचा दर ८० लाख रुपये आहे. दुसरीला ९० गुण असून तिचा दर १ कोटी आहे. सर्वात कमी दराला १०० गुण धरले, तर १ कोटीला ८० गुण पडतात. एकूण बेरीज पहिलीची ८६, दुसरीची ८७! वीस लाखांनी महाग असूनही दुसरी जिंकते. 'आपण स्वस्तात करून देऊ' एवढ्या भरवशावर निविदा भरणाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर लावून ठेवावा.

हे तांत्रिक गुण मिळतात कशाने? संस्थेचा अनुभव, कामाची पद्धत आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या तज्ज्ञांची योग्यता यांनी. येथेच सचोटीची परीक्षा असते. जुन्या प्रस्तावातील मजकूर जसाच्या तसा उतरवायचा आणि गावाचे नाव तेवढे बदलायचे. नामवंत तज्ज्ञाचे परिचयपत्र जोडायचे आणि काम मिळताच नवख्याला धाडायचे. हे प्रकार व्यवहारचातुर्य म्हणून खपविले जातात. वास्तविक ही समाजाची फसवणूक आहे. ज्या गावासाठी प्रस्ताव लिहायचा, तेथील नदी, वस्ती आणि नळाला पाणी येण्याची वेळ स्वतः जाऊन पाहावी. कार्यकक्षेतील प्रत्येक अट वाचावी, निविदापूर्व बैठकीत शंका विचाराव्यात, आणि झेपणार नाही ते कबूल करू नये. प्रस्ताव म्हणजे दिलेले वचन.

शासनाचीही जबाबदारी तेवढीच आहे. दिल्लीच्या पाणीपुरवठ्यासाठी सल्लागार निवडताना जागतिक बँकेने एका बहुराष्ट्रीय कंपनीसाठी दडपण आणल्याचा आरोप २००५ मध्ये, माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे झाला. बँकेने तो नाकारला. तथापि वादळ उठल्यावर त्याच वर्षी कर्जाचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. कर्ज देणाऱ्याच्या कलाने परीक्षा घेतली जाते, अशी नुसती शंकाही स्पर्धेवरील विश्वास उडविते. शिवाय निविदेच्या अटी ठरविणाऱ्या सल्लागाराने स्वतःच त्या स्पर्धेत उतरू नये, हे तत्त्व कठोरपणे पाळले गेले पाहिजे.

२०१७ च्या आदेशाने सरकारी खरेदीत देशी पुरवठादाराला प्राधान्य मिळाले. २०० कोटी रुपयांपर्यंत सामान्यतः जागतिक निविदा न काढण्याचा नियम २०२० मध्ये आला. या निर्णयांचे स्वागतच आहे. मात्र उलाढालीची आणि पूर्वानुभवाची अवास्तव अट घातली की नवी देशी संस्था दारातच अडते, आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र फिरत राहते. अटी कामाच्या आकाराला शोभतील अशाच हव्यात. लहान संस्थांनीही एकेकट्याने झुंजण्यापेक्षा संयुक्त प्रस्ताव द्यावेत.

नियम दार उघडू शकतो. आत जाण्याचे बळ मात्र स्वतःच कमवावे लागते. देशी आहे म्हणून निकृष्ट चालवून घ्या, असे म्हणणे ही स्वदेशी नव्हे. आपल्या घरांतून आज हजारो तरुण या व्यवसायांत शिरत आहेत. त्यांनी लिहिलेला प्रत्येक प्रस्ताव अभ्यासपूर्ण आणि प्रामाणिक असेल, तर लिफाफा उघडणाऱ्याला देशी-परदेशी असा विचार करण्याची वेळच येणार नाही.