सम्यक स्मृती आणि आजचा दिवस

‘वर्तमानात जगा’ हा उपदेश अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून, मोबाइलवरील सुप्रभात संदेशांतून, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून तो आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याच्या मागोमाग बहुधा दुसरे वाक्य येते : झाले गेले विसरून जा. पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही; दुसऱ्याशी आहे. आणि ते ज्या समाजाला ऐकवले जाते त्याचा इतिहास पाहता हे भांडण थोडे विस्ताराने मांडणे मला आवश्यक वाटते.

धम्मात या विषयासाठी शब्द आहे ‘सती’. पाली ‘सती’ म्हणजे संस्कृत ‘स्मृती’. अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग ‘सम्यक स्मृती’ ते हेच. आपण या अंकाला ‘स्मरणिका’ म्हणतो, तो शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. ज्या परंपरेने वर्तमान क्षणाकडे पाहण्याचे शास्त्र जगाला दिले, तिने त्या शास्त्राला आठवणीचे नाव द्यावे, ही साधी गोष्ट नाही. ‘माइंडफुलनेस’ हे नाव घेऊन हीच साधना आता पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे परत येत आहे. त्या प्रवासात स्मरणाचा अंश पुसट झाला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना सतीचे लक्षण विचारतो, तेव्हा नागसेन राजाच्या भांडाऱ्याचा दृष्टान्त देतात. भांडारी सकाळ-संध्याकाळ राजाला आठवण करून देतो की आपल्याजवळ हत्ती किती, घोडे किती, सोने किती. सतीही तशीच मनाला आठवण देत राहते : कुशल काय, अकुशल काय, आपल्यापाशी काय आहे.

मग भूतकाळाचे काय? मज्झिम निकायातील भद्देकरत्त सुत्तात भूतकाळामागे धावू नये, भविष्याची आस धरून बसू नये, असे सांगितले आहे हे खरे. तथापि मागे धावणे म्हणजे काय, याचा खुलासाही त्याच सुत्तात आहे. ‘मी पूर्वी असा होतो’ या विचारात रमून त्याला चिकटून राहणे, हे मागे धावणे. आठवण ठेवण्यास तेथे मनाई केलेली नाही. आठवणीला स्वतःस बांधून घेण्यास केली आहे. हा भेद लहान दिसतो, पण आपले सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

या भेदाचे सर्वात जवळचे उदाहरण साताऱ्यातच सापडते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या पटावर आले. आजचे ते छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून राज्यात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो, व्याख्याने होतात, प्रतिमापूजन होते. त्या वर्गातील गोणपाटाविषयी मात्र त्या मानाने कमी बोलले जाते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात बाबासाहेबांनी ते नोंदवून ठेवले आहे. वर्गातील गुणानुक्रमाप्रमाणे त्यांना बसता येत नसे; कोपऱ्यात वेगळे गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. नळ समोर असे, पण तो शिपायाने सोडल्याविना पाणी मिळत नसे.

त्याच लेखनात १९०१ सालच्या उन्हाळी सुट्टीतील मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुले नवे कपडे घालून आगगाडीने त्यांना भेटायला निघाली. आम्ही येत आहोत हे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नाही, त्यामुळे स्टेशनवर कोणी न्यायला आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. अखेर दुप्पट भाड्याने गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे या अटीवर. शिदोरी जवळ होती, पण पाणी मिळाले नाही. (पत्र पोहोचले नाही, तो एका नोकराचा विसर, पाणी मिळाले नाही, तो विसर नव्हे.)

हे सारे बाबासाहेबांनी तीसेक वर्षांनंतर लिहिले. वाचताना लक्षात येते ते लेखनाचे स्वरूप. वेळ, अंतर, भाडे, कोण काय म्हणाले, कोण किती मागे सरले, हे जसे घडले तसे मांडलेले आहे. आक्रोश नाही आणि शांतीचा आवही नाही. जे जसे आहे ते तसे पाहणे याला पालीत ‘यथाभूत’ दर्शन म्हणतात. तहानलेल्या मुलाची ती रात्र त्या माणसाने विसरून टाकली असती तर महाडच्या चवदार तळ्याचा अर्थ आपल्याला कळला असता का? आणि तो त्या रात्रीतच अडकून पडला असता, तर संविधान सभेत समोरच्या कामावर मन लावता आले असते का?

सांगली जिल्ह्यातही असे दर्शन झालेले आहे. आटपाडीत १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात हे तराळाचे पुत्र. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरीही आत्मकथेचे नाव त्यांनी ‘तराळ-अंतराळ’ असे ठेवले. त्यातला पहिला शब्द त्यांनी गाळला नाही.

आता आपल्यातील एका जुन्या वादाकडे वळतो. विपश्यना, आनापान यांविषयी आंबेडकरी विचारवंतांपैकी अनेकांना शंका आहे की डोळे मिटून बसणारा समाज लढणे विसरेल. ही शंका मला उथळ वाटत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माचे केंद्र माणसाच्या माणसाशी असलेल्या नात्यात ठेवले आहे, हे विसरून चालणार नाही. वसतिगृहात या शंकेला रोजचे रूप येते. गोंगाट करणाऱ्या मुलांना गप्प बसवण्यासाठी ‘चला, ध्यानाला बसा’ म्हणणे, हे ध्यान नव्हे. ती शिक्षा आहे. आमटी पातळ आहे किंवा अमक्याने मला जातीवरून बोलून अपमान केला, अशी तक्रार घेऊन मूल आले आणि त्याला ‘श्वासाकडे लक्ष दे’ असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर धम्माच्या नावाने केलेली टाळाटाळ ठरते. पाली ‘वेदना’ या शब्दात सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी प्रत्येक जाणीव येते. मराठीत आपण त्यातले दुःख तेवढे राखले. अपमान झाला तेव्हा छातीत काय झाले, हे ओळखता येणे आणि मग शांत स्वरात, नाव घेऊन, तो प्रसंग सांगता येणे, हेच मुलाला शिकवायचे आहे. तक्रार नीट ऐकली गेली, तर त्याचे ते शिकणे खरे.

बाहेरची शिस्त आणि आतली जागरूकता यांतील अंतर पाहायचे असेल तर आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जावे. औंध संस्थानच्या काळात, राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून, तेथे कैद्यांची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. गुन्हा केलेल्या माणसावर एवढा विश्वास टाकता येतो, तर आपल्या मुलांना अर्ध्या तासाचा बिनघंटेचा वेळ द्यायला आपण का कचरतो, हे मला उमगत नाही.

पालकांशी मला वेगळेच बोलायचे आहे. माण-खटाव, जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून, कित्येकदा ऊसतोडीला जाण्याआधी, आपण पोर वसतिगृहात ठेवता. ‘साहेब हो’ एवढीच आपली इच्छा असते आणि ती पूर्णपणे रास्त आहे. परंतु मूल त्यामुळे आजचा दिवस केवळ उद्याचा हप्ता म्हणून जगू लागते. दहावी झाली की बारावी, मग पदवी, मग स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. तिशी उलटते तरी जगणे सुरू झालेले नसते. तासगावकडील द्राक्ष बागायतदाराला याची वेगळी समज आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीवर तो घड शोधत नाही. मात्र डोळ्यांत घडनिर्मिती होते ती त्याच दिवसांत, म्हणून तो रोज पान उलटून पाहतो, काडीची जाडी पाहतो, पाणी मोजतो. ऑक्टोबरची चिंता त्यालाही असते, डोक्यावर कर्ज असते. तरी नजर आजच्या पानावर. पालीत ‘भावना’ म्हणजे अशी मशागत, हळूहळू घडवत नेणे. आपण तिचा अर्थ मनातली उमाळी एवढाच केला आणि व्यक्तिमत्त्व विकास म्हणजे टाय बांधून इंग्रजी बोलणे, असे ठरवून टाकले.

संस्थेच्या संचालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे म्हणून एक छोटी सूचना ठेवतो. सायंकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे आनापान असावे, पण ऐच्छिक. बसायचे नसेल त्याने शांतपणे अंगणात फिरावे. त्यानंतर प्रत्येकाने वहीत तीन ओळी लिहाव्यात : आज काय पाहिले, तेव्हा काय वाटले, मग मी काय केले. स्नेहमेळाव्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ‘किती टक्के पडले’ हा प्रश्न मागे ठेवून, मूल दाखवील तर, त्या तीन ओळींविषयी विचारावे. वह्यांचा खर्च आपण मिळून उचलू शकतो; तो फार नाही. त्या वह्या गृहपालांनी तपासू नयेत, त्यांवर लाल शाई नको. शुद्धलेखनाच्या चुका असतील, असू द्याव्यात.