लायगोच्या तालुक्यात रोबोटिक्स: क्लब किट देतील, पण पुढच्या वर्षी काय?

औंढा नागनाथ म्हटलं की आधी आठवतं ते ज्योतिर्लिंग. आता त्याच्या जोडीला दुसरी ओळख तयार होतेय. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातल्या याच तालुक्यात उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली.

चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यातून धावणारा लेझर आणि प्रोटॉनच्या आकारापेक्षाही हजारो पटींनी लहान बदल मोजण्याची क्षमता. हे सगळं गावाच्या शिवारात येणार. पण तिथल्या शाळेतल्या मुलांनी सेन्सर हातात तरी घेतलाय का? रोटरी, लायन्ससारख्या सेवाभावी क्लबांचा विषय इथेच सुरू होतो.

क्लब आणि रोबोटिक्सचा संबंध काय?

रोटरीची सुरुवात १९०५ साली शिकागोत झाली, लायन्सची १९१७ मध्ये. आपल्याकडे तालुक्याच्या गावात हे क्लब म्हणजे डॉक्टर, वकील, व्यापारी, प्राध्यापक अशी मंडळी. नेत्र तपासणी, रक्तदान, वह्यावाटप ही त्यांची नेहमीची कामं. आता या यादीत रोबोटिक्स किट, विज्ञान कार्यशाळा आणि स्पर्धेचं प्रवेश शुल्क अशा गोष्टीही आल्या आहेत. शाळकरी मुलांसाठी रोटरीचे इंटरॅक्ट क्लब आधीपासून आहेत. १२ ते १८ वयोगटातली मुलं त्यात समाजोपयोगी उपक्रम करतात. म्हणजे यंत्र बनवणं आणि गावासाठी काहीतरी करणं, या दोन्हींसाठी जागा तयार आहे.

सरकारी योजना असताना क्लब कशाला?

केंद्राची अटल टिंकरिंग लॅब योजना आहे. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपये मिळतात. त्यातले १० लाख प्रयोगशाळा उभारायला आणि १० लाख पाच वर्षं चालवायला. देशात अशा १० हजार लॅब झाल्या. सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.

आता साधा हिशेब करू. चालवायचे १० लाख पाच वर्षांत वाटले, तर वर्षाला दोन लाख होतात. महिन्याला साधारण साडेसोळा हजार. यातच सुटे भाग, दुरुस्ती, कार्यक्रम आणि शिकवणाऱ्याचं मानधन बसवायचं. शिवाय ज्या शाळेची निवडच झाली नाही, तिला काहीच नाही. क्लबच्या मदतीला जागा आहे ती इथे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण क्लबच्या रचनेतच आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि दरवर्षी अध्यक्ष बदलतो. नव्या अध्यक्षाला नवा प्रकल्प हवा असतो. गेल्या वर्षी दिलेल्या किटची बॅटरी बदलण्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

दुसरी अडचण शाळेची. महाग वस्तू एकदा डेडस्टॉक रजिस्टरवर चढली की ती हरवण्याची किंवा मोडण्याची धास्ती वाटते. मग किट कपाटात, कपाटाला कुलूप आणि चावी मुख्याध्यापकांकडे. तपासणीच्या दिवशी किट अगदी कोरं करकरीत निघतं. मुलांनी ते हाताळलं नाही, हाच त्याचा पुरावा.

तिसरी अडचण स्पर्धेची. मोजक्या हुशार मुलांचा संघ बनतो, बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. खरं तर नावाजलेल्या स्पर्धांनाही एवढंच अपेक्षित नाही. फर्स्ट लेगो लीग या शालेय स्पर्धेत रोबोटच्या खेळाइतकंच वजन एखाद्या खऱ्या प्रश्नावर शोधलेल्या उपायालाही असतं.

पाबळने काय दाखवलं?

याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करत शिकायचं आणि त्या कामाचा गावाला उपयोग व्हायचा, हे त्याचं सूत्र. वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य असे विषय शाळेच्या वेळापत्रकात आले आणि शिकवायला स्थानिक कारागीर आले. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये याच पाबळला झाली.

पाबळमध्ये यंत्रं नंतर आली. काम आणि शिकवणारा माणूस आधीपासून होता. क्लबांच्या प्रकल्पात बहुतेकदा हा क्रम उलटा होतो.

औंढ्यात काय करता येईल?

हिंगोली जिल्ह्यात अधूनमधून भूकंपाचे धक्के बसतात. मार्च २०२४ आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. कंपन ओळखणारा छोटा सेन्सर काहीशे रुपयांत मिळतो. मुलं तो शाळेच्या भिंतीला बसवून नोंदी ठेवू शकतात. यातून भूकंपाचं भाकीत होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. पण ट्रक गेल्याचं कंपन आणि जमिनीचं कंपन वेगळं कसं ओळखायचं, हे मुलांना कळेल. नको असलेली कंपनं बाजूला काढणं, हे लायगोच्या शास्त्रज्ञांचंही रोजचं काम आहे.

जिल्हा हळदीचा आहे. वाळवणातला ओलावा मोजायचं साधं यंत्र शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचं. पाण्याची टाकी भरली की पंप बंद करणारं सर्किट ग्रामपंचायतीच्या कामाचं. असं यंत्र बिघडलं तर गावातलं कोणीतरी शाळेत येऊन विचारेल. प्रकल्प जिवंत ठेवणारी ही चौकशी पाहुण्यांच्या भाषणातून येत नाही.

क्लबला कोणते प्रश्न विचारायचे?

पालक, शिक्षक किंवा शाळा समितीने किट स्वीकारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवणार कोण आणि त्याचं मानधन किती वर्षं मिळणार? वस्तू मोडली तर ती कोणाच्या खर्चाने येणार? वर्गातल्या सगळ्या मुलांचा, विशेषतः मुलींचा हात त्याला लागणार का?

हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. किमान ३० हजार डॉलरच्या प्रकल्पांना मिळणाऱ्या रोटरीच्या ग्लोबल ग्रँटसाठी गावाची गरज आधी तपासावी लागते आणि मदत संपल्यावर काम कसं चालेल तेही दाखवावं लागतं. तोच नियम ५० हजार रुपयांच्या किटला लावायला काय हरकत आहे?

क्लब शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही आणि ती त्याची जबाबदारीही नाही. पण दरवर्षी अध्यक्ष बदलतो म्हणून लांबचं काम जमत नाही, हे कारण टिकत नाही. रोटरीने पोलिओविरोधी मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला तो जानेवारी २०११ मध्ये. मधल्या २५ वर्षांत प्रत्येक क्लबचे २५ अध्यक्ष बदलले, काम बदललं नाही. औंढ्यातल्या एका शाळेसाठी निदान पाच वर्षं तरी तेवढी चिकाटी मागायला हवी.