पिल्लू घरी येण्याआधी

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले वालूर हे बारवांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथे काय किंवा मराठवाड्यातल्या इतर कोणत्याही गावात काय, पावसाळा सरून सुगी सुरू झाली की एक चित्र हमखास दिसते. कडब्याच्या गंजीआड, पडक्या वाड्यात, एखाद्या बारवेच्या पायऱ्यांवर कुत्री व्यालेली असते. महिन्या-दीड महिन्याची पिल्ले रस्त्यावर येऊ लागतात. काही वाहनाखाली जातात, काही परभणीच्या कडाक्याच्या थंडीत गारठतात आणि एखादे शाळेतून परतणाऱ्या लेकराच्या कडेवर बसून घरी येते. आई ओरडते, आजी म्हणते, "राहू दे गं, मुकं जित्राब आहे." वाटीत दूध ओतले जाते, पोत्याचे अंथरूण होते. तेवढ्यावर दत्तकविधान पूर्ण होते.

यात वाईट काही नाही, उलट हे व्हायलाच हवे. या भागाला कुत्र्याची माया नवी नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट इथे घरोघरी सांगितली जाते, आणि त्यांचे नरसी हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरीत कुत्रा असतोच. शहरात हौसेने हजारो रुपये मोजून आणलेले लांब केसांचे विलायती कुत्रे मे महिन्यातल्या मराठवाडी उन्हात पत्र्याखाली धापा टाकताना पाहिले की वाटते, त्यापेक्षा दारातले गावठी पिल्लू शंभर पटींनी बरे. ते इथल्या हवेला सरावलेले असते, काटक असते आणि त्याचा जीवही वाचतो. रतन टाटा यांनी मुंबईतल्या बॉम्बे हाऊसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी हक्काची जागा केली. मोठ्या माणसांनी असे केले की त्याची बातमी होते. गावात आजी तेच रोज करते, त्याची होत नाही.

प्रश्न मायेचा नाही, क्रमाचा आहे. आपल्याकडे पिल्लू आधी घरात येते, मग लेकरांच्या अंथरुणात, आणि डॉक्टरकडे जमले तर कधीतरी. हा क्रम उलटा हवा.

२०२५ च्या उन्हाळ्यात उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातल्या एका तरुण कबड्डीपटूच्या मृत्यूची बातमी देशभर छापून आली. नालीत पडलेले एक पिल्लू त्याने बाहेर काढले होते. काढताना ते बोटाला चावले. एवढ्याशा पिल्लाचा एवढासा दात; त्याने मनावर घेतले नाही, लस घेतली नाही. सुमारे दोन महिन्यांनी त्याला रेबीजची लक्षणे दिसली आणि काही दिवसांत तो गेला. राज्य पातळीवर खेळलेला धडधाकट मुलगा. त्याने केले ते पुण्याचेच काम होते. कमी पडली ती एक सुई.

"पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज" हा समज खेड्यात आणि शहरात सारखाच पक्का आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. रेबीजचा विषाणू वय पाहत नाही. आईला लस मिळालेली असेल तर तिच्या दुधातून पिल्लाला काही दिवस थोडे संरक्षण मिळते. पण गंजीआड व्यालेल्या कुत्रीला लस कोणी दिलेली असते? त्या पिल्लाला एखादे पिसाळलेले कुत्रे चावून गेले असेल तर ते कोणाला माहीत नसते. कुत्र्यात हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. म्हणजे आज शेपूट हलवणारे पिल्लू आतून निरोगी आहे, अशी खात्री नुसते पाहून कोणीही देऊ शकत नाही, पशुवैद्यसुद्धा नाही. शिवाय पिसाळलेले कुत्रे नेहमी लाळ गाळत, धावून येत असते असेही नाही. काही कोपऱ्यात मुकाट पडून राहतात, खाणे सोडतात, जबडा लोंबू लागतो. लोकांना वाटते घशात हाड अडकले, आणि कोणीतरी दयेने तोंडात हात घालतो.

माणसात लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही. लक्षणांपूर्वी मात्र तो जवळपास पूर्ण टाळता येतो. इतकी टोकाची बेरीज-वजाबाकी असलेला आजार वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडेल. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या मुलावर ही लस पहिल्यांदा वापरली, त्याला आता १४० वर्षे झाली. तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२-२३ मधील पाहणीवरून केलेल्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांतले बहुसंख्य चावे कुत्र्यांचे असतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात. कुत्रा चावलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता.

का घेत नाहीत? जुन्या लोकांच्या मनात बेंबीभोवतीच्या १४ इंजेक्शनांची भीती अजून बसलेली आहे. ती जुनी लस देशात वापरातून जाऊन वीस वर्षे होऊन गेली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत दोन ठिकाणी छोटे टोचे देतात: पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पैसे लागत नाहीत. गरोदर बाईला देता येते, तान्ह्या बाळाला देता येते, पथ्य काही नाही. जखमेतून रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर, ओठांवर, डोळ्यांत कुत्र्याची लाळ गेली असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच भरावे लागते. हा भाग बहुतेकांना ठाऊक नसतो आणि नेमका तोच राहून जातो. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, त्याला आठवडाभर तरी लागतो. तोवरचा पहारा इम्युनोग्लोब्युलिन देते. त्याआधी घरीच करायची गोष्ट म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतले काहीही लावू नये. गंडा-दोरा बांधून बरा झालेला माणूस दाखवतात, तेव्हा त्याला चावलेले कुत्रे मुळात पिसाळलेलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

पण लस न घेण्याचे आणखी एक कारण असते, आणि ते कोणत्याही सरकारी फलकावर लिहिलेले नसते. लेकरू सांगतच नाही. खेळताना पिल्लाचा दात लागतो, नखाचा ओरखडा उठतो. घरी कळले तर बाप पिल्लाला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येईल, हे दहा वर्षांच्या मुलाला चांगले कळते. मग तो बाही खाली ओढतो आणि गप्प बसतो. ज्या घरात पिल्लाला यायचे आहे त्या घराने पहिल्याच दिवशी मुलाला स्पष्ट सांगावे, "चावलं, ओरखडलं तर लगेच सांग. तुलाही रागावणार नाही आणि पिल्लालाही घालवणार नाही." आणि हा शब्द पाळावा. एकदा शब्द मोडला की पुढचा ओरखडा कळणार नाही.

आता त्या पिल्लाकडे. ते किमान आठ आठवडे आईपाशी राहू द्यावे. आई मेली असेल किंवा जीव धोक्यात असेल तरच आधी उचलावे. वाटीभर गाईचे दूध हे आपल्याकडचे पहिले स्वागत, पण पुष्कळ पिल्लांना त्याने हगवण लागते आणि तेवढ्यानेही लहान जीव कोरडा पडून दगावतो. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रा जगतो, वाढत नाही. त्याला उकडलेले अंडे, मटण-चिकनचे तुकडे अशी प्रथिने हवीत. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासमान आहेत; उरलेली कांद्याची भाजी कुत्र्याला घालण्याची सवय म्हणूनच सोडावी. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात.

सहा ते आठ आठवड्यांच्या वयात डिस्टेंपर आणि पार्व्होची पहिली लस, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस. पुढे पशुवैद्य सांगतील तसे दरवर्षी. पार्व्होने रक्ताची हगवण लागून घरात आलेले पिल्लू आठवड्यात जाते, तेव्हा मुलांना बसणारा धक्का कोणत्याही नोंदवहीत येत नाही. जंताचे औषध मात्र लसीची वाट न पाहता पहिल्या भेटीतच द्यावे लागते, कारण गोलकृमी पिल्लाच्या पोटात आईच्या गर्भातच शिरलेले असतात. विष्ठेतून पडलेली त्यांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे मुरली की संसर्ग करण्याजोगी होतात, आणि अंगणात खेळणारे मूल तीच माती तोंडात घालते. या अळ्या मुलाच्या यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यात जातात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरली तर निम्मे काम तिथेच होते.

एका आजाराबद्दल या भागात फारसे बोलले जात नाही. जत्रेत, कंदुरीला बकरे कापले की नको असलेले यकृत-फुफ्फुसाचे तुकडे कुत्र्यांपुढे टाकले जातात. त्यात पाण्याने भरलेल्या गाठी असतील तर त्यातून हायडॅटिड नावाचा बारीक फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात आणि गोंजारणाऱ्याच्या हातावरून पोटात जातात. माणसाच्या यकृतात मग वर्षानुवर्षे एक गाठ वाढत राहते, कधी नारळाएवढी. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केल्यावर ती सापडते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेवर जाते. कुत्रा दोषी नाही. कापलेले अवशेष खोल पुरणे आणि कुत्र्याला फीतकृमीचे औषध देणे एवढ्याने ही साखळी तुटते.

मोठे, रस्त्यावर वाढलेले कुत्रे घरी आणणाऱ्यांनी थोडा वेगळा विचार करावा. ते पहिले काही दिवस कॉटखाली लपेल, खाणार नाही, हात पुढे केला तर गुरगुरेल. गुरगुरणे हे त्याचे सांगणे आहे. त्यासाठी मारले तर पुढच्या वेळी ते न सांगता चावेल. पाहुण्यांची रांग, फोटो, अंघोळ हे सगळे आठवडाभर पुढे ढकलावे. खाताना आणि झोपलेले असताना मुलांनी जवळ जाऊ नये, आणि तान्ह्या बाळाजवळ कोणतेही कुत्रे, कितीही गरीब असले तरी, एकटे सोडू नये.

हे सारे एका घराने केले तरी गाव सुरक्षित होत नाही. गोव्याने ते गावोगाव करून दाखवले. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज यांनी मिळून २०१३ ते २०१९ या काळात कार्यक्रम उभा केला. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस, म्हणजे साधारण ७० टक्के. जोडीला शाळांमधून दीड लाख मुलांना दरवर्षी शिकवणी. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि त्या काळाच्या अखेरीस माणसांचे रेबीजमृत्यू शून्यावर आले. कुत्री मारून हे झालेले नाही. मुंबईत १८३२ मध्ये इंग्रजांनी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा त्यातून दंगलच उसळली होती. पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. जागा रिकामी केली की शेजारच्या गावातली, लस नसलेली कुत्री तिथे येतात, एवढेच मारण्यातून निघते.

आपल्याकडे सरकार चावा घेतलेल्या माणसाच्या लसीवर आणि इम्युनोग्लोब्युलिनवर खर्च करते, ते करायलाच हवे. पण जिथून आजार येतो त्या कुत्र्याच्या, काही शे रुपयांच्या सुईसाठी खेड्यात ठरलेला दिवस नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. ग्रामपंचायतीला हे एकटीने जड आहे हे खरेच; परंतु परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि पिल्ले रस्त्यावर येण्याचा हंगाम गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर एक आणि संक्रांतीनंतर एक, असे दोन दिवस ग्रामसभेत ठरवून फळ्यावर लिहिले, शाळेत आदल्या दिवशी सांगितले, तर पोरे स्वतःच गल्लीतली पिल्ले उचलून रांगेत आणतील. फक्त त्यांनी ती उघड्या हातांनी उचलू नयेत. जाड पोते किंवा घोंगडीचा तुकडा हाताशी ठेवावा, आणि दवाखान्याच्या टेबलावर साबण व पाण्याची बादली आधीच भरून ठेवलेली असावी.