आकाशाची वाट कोणासाठी?

पारनेर हा अवर्षणाशी झुंजणारा तालुका. येथील कर्तबगार तरुणाने मुंबई-पुण्याची वाट धरायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. याच पारनेरात १८८० साली पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट, जन्मले. घरची परिस्थिती बेताची; तरीही मुंबई विद्यापीठाच्या मंगळदास नथूभाई शिष्यवृत्तीच्या आधारे १९०४ मध्ये ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी विलायतेला जाऊ शकले. गुणवत्तेला समाजाने हात दिला की काय घडते, याचे हे उदाहरण. आज त्याच मातीतील एखाद्या मुलाने वा मुलीने वैमानिक होण्याचा ध्यास घेतला, तर तिला असा हात मिळेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी हा व्यवसाय कसकसा बदलत गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले. विमान एका इंजिनाचे, वैमानिक एकटा. वाट दाखवणारा ना रेडिओ, ना अन्य कोणते साधन. त्या पिढीचे भांडवल म्हणजे साहस. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनकडे झेपावले, तेव्हाच्या दूरच्या उड्डाणांत वैमानिकांच्या दिमतीला मार्गनिर्देशक, रेडिओ अधिकारी आणि फ्लाइट इंजिनियर असत. पुढे यंत्रे सुधारत गेली आणि ही माणसे एकेक करून कॉकपिटमधून उतरली. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात एअरबस ए-३२० आले, तेव्हा त्यात केवळ दोन वैमानिक आणि संगणक उरले होते.

स्त्रियांचा प्रवेश हा दुसरा मोठा बदल. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता-सिल्चर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान नेले. सर्व कर्मचारी महिला असलेले भारतातील ते पहिले उड्डाण. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली कॅप्टन आकांक्षा सोनवरे आदी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळुरू गाठले. आज भारतातील सुमारे १५ टक्के वैमानिक स्त्रिया आहेत; जगाची सरासरी याच्या निम्म्याहूनही कमी आहे. हे अभिमानास्पद आहे.

मात्र यंत्र हुशार झाले म्हणून माणसाचे ओझे हलके झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसकडे निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, ऑटोपायलट सुटला आणि अचानक हाती आलेले विमान वैमानिकांना सावरता आले नाही. २२८ जीव गेले. रोजचे काम यंत्र करते. पण यंत्र हात टेकते त्या क्षणी माणूस सज्ज असावा लागतो. त्यासाठी प्रशिक्षण जितके आवश्यक, तितकीच विश्रांतीही. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम २०२५ मध्ये लागू झाले आणि डिसेंबरमध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रकच कोलमडले. प्रवाशांचे हाल झाले, हे खरे. परंतु दोष विश्रांतीचा नव्हे, पुरेशी माणसे न ठेवणाऱ्या नियोजनाचा होता.

माणसे हवीत, तर ती यायची कोठून? व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. हा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचे प्रशिक्षण त्यावर वेगळे. एवढे करूनही नोकरीची हमी नाही. २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर अनुभवी वैमानिकांनाही नोकरीसाठी वणवण करावी लागली. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, बारामतीत, वैमानिक प्रशिक्षण चालते. म्हणजे पारनेरच्या मुलाला अडवते ते अंतर नव्हे, ती रक्कम. जमीन गहाण टाकून त्याने हे धाडस करावे, असा सल्ला कोण देईल? काही प्रवर्गांसाठी सरकारी साहाय्य आहे. पण गरजेच्या मानाने ते तोकडे आहे.

ज्या व्यवसायाचे दार गुणवत्तेऐवजी थैलीने उघडते, त्यात देशाच्या गुणवत्तेचा मोठा हिस्सा दाराबाहेरच राहतो. शिवाय डोक्यावर कर्जाचा डोंगर घेऊन कॉकपिटमध्ये बसलेला तरुण ‘मी थकलो आहे, आज उड्डाण करणार नाही’ असे म्हणायला कचरला, तर नवल ते काय? म्हणून हा प्रश्न एकट्या पारनेरचा नाही, विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचा आहे. शेकडो विमानांच्या मागण्या नोंदवणाऱ्या कंपन्यांनी प्रशिक्षणाचा भार उचलावा, शासनाने शिष्यवृत्त्या वाढवाव्यात आणि सधन समाजानेही मंगळदास नथूभाईंचा कित्ता गिरवावा. सव्वाशे वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीने पारनेरचा तरुण सातासमुद्रापार नेला. आजच्या तरुणासाठी आकाश त्याहून दूर असू नये.