गळती कोठें आहे?

आमच्या पालमास समुद्र नाहीं. तालुक्यांतून गोदामाई वाहते, आणि नाव म्हटली कीं आम्हांस पैलतीरास नेणारी तेवढीच ठाऊक. असें असतां या महिन्यांत एका शिडाच्या जुन्या नौकेची डागडुजी आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्यांच्या घरावर माळवद आहे, त्यांस हा विषय परका वाटूं नये. मृगाची पहिली सर आली, म्हणजे थेंब पडतो देवघरांत आणि छिद्र सांपडतें स्वयंपाकघरावर! पाणी कोठें पडतें हें कोणासही दिसतें. तें कोठून शिरतें हें ओळखणें, हीच दुरुस्तीची पहिली विद्या होय.

या नौकेचें नांव ‘सुहेली’. अरब खलाशी इराणच्या आखातांतील आग्नेय वाऱ्यास या नांवानें ओळखतात. नौका मात्र जन्मानें मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें ती कुलाब्यास बांधवून घेतली. लांबी अवघी ३२ फूट, लाकूड सागवानी, आणि काम मुंबईच्या सुतारांचें. वाकस व हातानें फिरवावयाचें सामतें हींच त्यांचीं मुख्य हत्यारें. १९६४ च्या डिसेंबरांत आपल्या रीतीप्रमाणें नारळ फोडून ती पाण्यांत उतरली. सागवानाच्या अंगीं तेल असतें, त्यामुळें तें पाण्यानें लवकर कुजत नाहीं आणि त्यांतील लोखंडी खिळाही ओकाच्या लाकडांतल्याइतका लवकर गंजत नाहीं. वाडिया घराण्यानें मुंबईच्या गोदींत बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें युद्धनौकेचें सागवानी जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें, तें इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे. मुंबईच्या सुतारकामाची ख्याति उगीच नव्हती.

१९६८ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस नॉक्स-जॉन्स्टन हे ‘सुहेली’ घेऊन फालमथ बंदरांतून एकटेच निघाले. कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, असा त्या शर्यतीचा पण होता. कांहीं आठवड्यांतच तळाशीं पाणी सांचूं लागलें. उपसावें तों पुन्हां भरे. उपसा म्हणजे उपाय नव्हे, हें जाणून ते अटलांटिक महासागरांत बुडी मारून नौकेच्या तळाखालीं गेले. तळाच्या कण्यालगतच्या फळीचा सांधा सुमारें आठ फूट उघडा पडला होता, आणि दुसऱ्या अंगासही तोच प्रकार!

अशा सांध्यांत सुती वाती ठासून भरावयाच्या असतात. परंतु गोदींत कोरड्या जमिनीवर बसून तें करणें निराळें, आणि श्वास कोंडून पांच फूट पाण्याखालीं हातोडी चालविणें निराळें. ठासलेली वात पुढच्या बुडीपर्यंत टिकेना. तेव्हां त्यांनीं वर येऊन विचार केला, आणि किंतानाच्या लांब पट्टीवर ती वात शिवून टाकली. पट्टीस डांबर माखलें, तांब्याच्या चुका टोंचून ठेविल्या, आणि ती सांध्यावर ठोकून बसविली. वरून तांब्याचा पत्रा जडविला. गोरें अंग पाण्यांत शार्कच्या नजरेस पडूं नये म्हणून त्यांनीं गडद कपडे घातले होते. तरीही एक शार्क आलाच, व त्यास बंदुकीनें मारून मगच काम पुढें चालवावें लागलें. वाकळेस ठिगळ लावणारी आमच्याकडील कोणतीही आजी ही युक्ति ओळखील: सुटें भरलेलें टिकत नसेल, तर तें आधी कशास तरी शिवून घ्यावें.

दुसरी गोष्ट पुस्तकप्रिय घरांस विशेष आवडेल. वीज भरण्याच्या यंत्रांत ठिणगी पडण्याची फट अचूक ठेवावी लागते, आणि ती मोजण्याचें साधन तर घरींच राहिलें होतें. त्यांनीं एका पुस्तकाचीं पानें मोजलीं. एका इंचांत दोनशें पानें, म्हणजे एक पान इंचाचे पांच सहस्रांश! तीं पानें फटींत धरून त्यांनीं माप साधलें. पुढें सुकाणूचें स्वयंचलित यंत्र मोडलें, निरोपयंत्र मुकें झालें. तरीही ३१२ दिवसांनीं, १९६९ च्या एप्रिलच्या २२ तारखेस, नौका फालमथास परतली. नऊजण निघाले होते. प्रदक्षिणा पुरी करणारे ते एकटेच.

परंतु आम्हांस खरा बोध याच्या पुढच्या कथेंत दिसतो. कालांतरानें ‘सुहेली’ ग्रिनिच येथील नाविक संग्रहालयांत मोठ्या मानानें ठेवण्यांत आली. तेथें ना लाट, ना वादळ, ना पाऊस. आणि तेथेंच ती मरूं लागली! कोरड्या हवेनें फळ्या आकसल्या, सांधे उघडे पडूं लागले. दक्षिण महासागरानें जें केलें नाहीं, तें निवाऱ्यानें केलें. आमच्याकडे पूर्वीं उन्हाळ्यांत गाडीचें चाक आकसून धाव सैल झाली, म्हणजे गाडीवान तें पाण्यांत भिजत ठेवीत. न वापरलेली काठवटही अशीच तडकते. शेवटीं मालकानें २००२ सालीं नौका बाहेर काढिली आणि स्वतःच्या हातानें पुन्हां दुरुस्तीस आरंभ केला. जुने गंजलेले लोखंडी खिळे काढून फळ्या नव्यानें जखडणें हें वर्षानुवर्षें चालणारें काम. पण २०१८ सालीं, त्या प्रवासास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, ती फालमथाच्या पाण्यावर पुन्हां शिडें उभारून चालली.

वाचकहो, आपल्या गांवोगांवच्या वाड्यांकडे पाहा. मुलें पुण्यास, मुंबईस किंवा त्याहूनही दूर गेलीं. वडिलांचा वाडा जपावयाचा म्हणून दारास भक्कम कुलूप घातलें. पांच-सात पावसाळ्यांत माळवद खचतें, आणि तुळई भिजून वाकते. वाडा कोणीं मोडला नाहीं. त्यांत कोणी राहिलें नाहीं, एवढेंच. चूल पेटती असती, तर पहिला थेंब पडतांच कोणी तरी माळवदावर चढलें असतें.

सुतारकी, गवंडीकाम हें आपलें नव्हे, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांत फार दिवस मुरली आहे. सर्वच कामें आपण करावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. ‘सुहेली’चा सांगाडाही मुंबईच्या कसबी हातांनींच उभा केला. परंतु आपल्या घराची गळती कोठें आहे, एवढें तरी घरच्या माणसास ठाऊक असावें. यंदा मृगापूर्वीं घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस बरोबर घेऊन माळवदावर चढा, भेग दाखवा, आणि पांढऱ्या मातीचें पहिलें घमेलें त्याच्याच हातून तेथें पसरवा. पुढें वाड्याची किल्ली त्याच हातांत जावयाची आहे.