कपाशीचा वेचा आणि फुटबॉलचा सामना

दिवाळी आटोपली की आमच्या घुग्घुस भागात मला एकच प्रश्न ऐकायची सवय आहे, साहेब, बोंडअळीवर आता कोणते औषध मारू? गेल्या हंगामात मात्र उसगाव शिवारातल्या एका शेतकऱ्याने बांधावर थांबवून वेगळेच विचारले.

"साहेब, पोरीले नागपूरले पाठवू का नाही जी? शाळेच्या फुटबॉलात निवड झाली म्हणते. चार दिवस राहा लागते. आन् इकडे कपाशी पांढरीफट्ट फुटून राहिली."

मला विचारण्याचे कारण उघड होते. या भागात विस्तार अधिकारी म्हणून मला जितके लोक ओळखतात, त्याहून जास्त 'फुटबॉलवाले साहेब' म्हणून ओळखतात. हे वेड जुने आहे. 1986 साली मी सोळा वर्षांचा होतो. खाणीच्या वसाहतीत एका ओळखीच्यांकडे टेलिव्हिजन होता. 22 जूनच्या रात्री साडेअकराला मेक्सिकोतला अर्जेंटिना-इंग्लंड सामना लागला. चारच वर्षांपूर्वी, 1982 साली, हे दोन देश समुद्रातल्या बेटांसाठी खरोखरीची लढाई लढले होते. मॅराडोनाने पहिला गोल चक्क हाताने केला, तो पंचांना दिसला नाही. दुसरा मात्र असा केला की निम्मा इंग्लंडचा संघ मागे धावतच राहिला. अर्जेंटिना 2-1 ने जिंकली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिफणीमागे सरते धरायचे होते. मी उठलो नाही. वडिलांनी जे शब्द वापरले ते या पानावर छापण्यासारखे नाहीत.

पुढे नोकरीत मुलचेरा भागात होतो. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे सरकारने तिकडे वसवली आहेत. धान निघाले की रिकाम्या बांधीत बांबूचे दोन गोल उभे राहायचे आणि संध्याकाळी सारे गाव धुऱ्यावर बसायचे. धानाची बुडखे पायाला टोचतात, तरी पोरे अनवाणी खेळत. मीही खेळलो. पीक पाहणीचा अहवाल त्या वर्षी उशिरा गेला, ते जाऊ द्या.

आता तुम्ही म्हणाल, खेळ म्हणजे खेळ, त्यात राजकारण कुठून आले? ज्यांनी गावातली सेवा सहकारी सोसायटी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. संचालक मंडळाची मुदत संपते, निवडणूक होत नाही, कोणी कोर्टात जातो, प्रशासक बसतो. या भांडणात कर्जवाटप अडकले, की ऐन मृगात सातबारा हातात धरून फिरतो तो शेतकरी. संचालक घरी चहा पीत असतात.

देशाच्या फुटबॉलचे 2022 साली हेच झाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. 2009 पासून ते त्या खुर्चीवर होते. डिसेंबर 2020 मध्ये मुदत संपली, पण महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून असल्याने निवडणूक झाली नाही. मे 2022 मध्ये न्यायालयाने त्यांना दूर करून तिघांची समिती नेमली. जागतिक संघटना फिफा म्हणाली, महासंघाचा कारभार बाहेरच्या कोणी चालवलेला आम्हाला चालत नाही. 16 ऑगस्टला सकाळी आपण उठलो तेव्हा भारतावर बंदी आलेली होती. आदल्याच दिवशी घरोघरी तिरंगे लागले होते.

त्याच वेळी केरळच्या गोकुलम संघाच्या मुली आशियाई क्लबांच्या स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात, ताश्कंदला उतरल्या होत्या. न्यायालयाने समिती गुंडाळली, अकरा दिवसांत बंदीही उठली, सप्टेंबरात निवडणूक होऊन कल्याण चौबे अध्यक्ष झाले. पण त्या मुली न खेळता परत आल्या. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायला मोठी माणसे आहेत. मला एवढेच कळत नाही की या भांडणातल्या कोणत्या ठरावावर त्या मुलींनी सही केली होती.

हे मी घरी मोठ्या तावाने बोललो. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे मला समजले.

गोष्ट 2012 सालची. आमची मुलगी नववीत होती. माझ्याबरोबर सामने पाहून तिलाही नाद लागला आणि शाळेच्या संघात ती बरी खेळायची. निवड चाचणीसाठी नागपूरला जायचे होते. मी नाही म्हटले. पुढच्या वर्षी दहावी आहे, सोबत कोण जाणार, अशी कारणे दिली. खरे कारण निराळे होते. अर्ध्या चड्डीत पळणारी मुलगी साहेबांची आहे, असे चार लोक म्हणतील याची मला भीती वाटली. तिच्या आईने डाळीच्या डब्यातून बुटांचे पैसे काढून ठेवले होते. ते परत डब्यात गेले. मुलगी रडली नाही, भांडलीही नाही. फक्त माझ्याबरोबर सामने पाहायला बसायची बंद झाली. मला ते कळायला बरेच महिने लागले.

बंदी उठल्यामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात होऊ शकली. 11 तारखेला भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेविरुद्ध उतरल्या. आमच्याकडे सोयाबीनची मळणी चालू होती, तरी मी वेळेवर घरी आलो. आश्चर्य म्हणजे सौभाग्यवतीही येऊन बसल्या. सामना 8-0 ने गेला. मी बचावफळीला नावे ठेवायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, "ती कप्तान कोणाची पोरगी आहे?"

मी वाचले होते तेवढे सांगितले. अष्टम उराव, झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातली, आईवडील मजुरी करणारे. पोरगी कप्तान झाली म्हणून सरकारने तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधायला घेतला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजाने होते.

"त्यांनी पाठवली," त्या म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

तर त्या दिवशी बांधावर मी त्या शेतकऱ्याला सांगितले की पाठवा. पण आधी शाळेत जाऊन विचारा, सोबत बाई शिक्षिका आहेत का, मुक्काम कुठे, परत कधी, अडचण आली तर फोन कोणाला करायचा. जाताना शेंगदाण्या-गुळाचे लाडू द्या आणि बूट नवे असले तर आधी आठ दिवस गावातच घालून पळू द्या, नाहीतर फोडांनीच सामना जाईल.

तो म्हणाला, "ते समदं खरं जी. पण वेचायले एक माणूस कमी पडते, त्याचं काय?"

बोलून बसलो होतो. रविवारी सकाळी कमरेला ओटी बांधून त्याच्या वावरात उभा राहिलो. दहिवराने ओला झालेला कापूस वेचू नका, हे मीच दरवर्षी सांगतो, म्हणून ऊन चढेपर्यंत थांबलो. दुपारपर्यंत माझा सहा किलो झाला. मुलीच्या आईने माझ्या ओटीतला काडीकचरा पाहिला आणि म्हणाली, "आमची पोरगी एवढ्यात पंधरा किलो वेचते साहेब, आन् सफा वेचते."

आणखी तीन दिवस बाकी होते. मी सोमवारची रजा टाकली.